बोली आणि बोलणे

ब्रिजच्या डावात भिडूला जे सांगायचे ते बोलीतूनच सांगावे लागते. चार रंग व बिनहुकुमी मिळून अवघ्या ३५ बोली. शिवाय पास, डबल आणि रीडबल. एवढ्यात आपल्या तेरा पानांचा हिशेब मांडायचा. एक्क्याचे ४ गुण, राजाचे ३, राणीचे २, गुलामाचा १. संपूर्ण जोडात ४०.

माझे थोरले बंधू पुण्यास, मी सांगलीस. पेढीची वाटणी झाल्यापासून आमचे संभाषण सणावारापुरते उरले होते. आता रात्री नऊला आम्ही संगणकावर भिडू असतो. पैशाची पैज अर्थातच नसते.

परवा अण्णांनी एक इस्पिक बोलून आरंभ केला. माझ्याकडे चार इस्पिके व १० गुण होते. रीतीप्रमाणे तीन इस्पिक बोलावे. परंतु बाजूच्या रंगांत विखुरलेल्या राण्या-गुलामांचा भरवसा वाटेना. मी दोनवर थांबलो. नेमके आठच हात झाले.

“बुडीत उधारी जमेस धरली नाहीस!” अण्णांनी लिहिले.

“अण्णा, शिकवण आपलीच,” मी उत्तरलो. प्रतिस्पर्ध्यांनीही हसरे चेहरे धाडले.

समोरासमोर खेळताना भिडूच्या स्वरावरून वा रेंगाळण्यावरून अर्थ काढणे नियमाने निषिद्ध आहे. पडद्यावर तर स्वरच नाही. म्हणून थट्टेचे शब्दही आम्ही जपून लिहितो. वाटणीचा विषय अद्याप कोणी काढलेला नाही. मात्र अण्णांच्या बोलीवर विसंबून मी पुढची बोली देतो, आणि तेही माझ्या बोलीवर विसंबतात.