मंडईची पंगत

पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत दिवाळीपेक्षा मंडईला घर जास्त भरतं. भाऊबीज झाली की गावोगावच्या मंडया सुरू होतात. दिवसा बाजार आणि दंडारीचं लोकनाट्य, रात्रभर नाटक, आणि मधल्या वेळात घरोघरी पाहुण्यांच्या पंगती. गडचिरोलीतल्या वडशाच्या नाटक मंडळांचा हंगाम याच सुमारास सुरू होतो. २०२३ साली झाडीपट्टीचे नाट्यकलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा या रंगभूमीचं नाव दिल्लीपर्यंत पोचलं. पण तिचा प्रेक्षक आमच्या चुलींनीच सांभाळला. लेकी-जावई, व्याही, मामेभाऊ नाटकाच्या निमित्ताने येतात आणि मुक्कामाला राहतात.

शेजारच्या गावांनी शक्यतो एकच दिवस धरायचा नाही, ही जुनी रीत. आज आमच्याकडे मंडई, परवा आत्याच्या गावी, पुढच्या आठवड्यात सोयऱ्यांकडे. आज ज्याला वाढलं, त्याच्याच अंगणात चार दिवसांनी आपण जेवायला बसतो. कायमचा यजमान कुणी नाही आणि कायमचा पाहुणाही नाही. म्हणूनच धानकापणीच्या ऐन धांदलीतही हा खर्च आणि हे कष्ट कुणाला जड जात नसत.

आता घरची मुलं पुण्याला, हैदराबादला आहेत. ती येतात, मायेने येतात. पण तिथे अशी मंडई नाही, त्यामुळे यजमान व्हायची त्यांची पाळी कधी येतच नाही. मग आपल्याच घरात ती पाहुणी होतात, आणि चुलीशी दरवर्षी त्याच बाया बसतात, ज्यांचे गुडघे आता दुखतात.

मागच्या मंडईला पुण्याचा पुतण्या सकाळीच माझ्याजवळ येऊन बसला. लाखोळीची डाळ रात्रीच भिजवली होती. ती भरड वाटायची. फार बारीक केली की वडा मऊ पडतो. त्यात लसूण, मिरची, सांभार म्हणजे कोथिंबीर. ओल्या तळव्यावर गोळा थापायचा आणि कढईच्या कडेने अलगद तेलात सोडायचा. "काकू, तू तळ, मी थापतो," तो म्हणाला. पहिला घाणा वेडावाकडा झाला, दुसरा जमला. दुपारी तोच पंगतीत वाढायला उभा राहिला आणि आत्याला आग्रह करकरून वडे वाढू लागला. त्या दिवशी तो घरचा यजमान होता. दूर गेलेल्यांची पाळी अशीच येऊ शकते: आपल्याच चुलीशी.

त्यासाठी त्यांना एक दिवस आधी पोचता आलं पाहिजे. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, दिवाळीच्या गाड्या पाहता पाहता भरतात, आणि आपली मंडई ठरते अगदी तोंडावर. पोळ्याच्या अमावस्येपासून दिवाळीच्या अमावस्येपर्यंत दोन महिने असतात. पोळ्याला सारं गाव तोरणाखाली जमलेलं असतं. माझी सगळ्या गावांना विनंती आहे: मंडईची तारीख तिथेच ठरवा आणि त्याच संध्याकाळी मुलांना फोन करा. आणि मुलांनो, नाटकाच्या वेळेला येऊ नका. डाळ भिजवायच्या वेळेला या.