बाप्तिस्मा आणि स्नानसंस्कार

‘ख्रिस्ती मराठी वाङ्मय’ हा घटक वर्गात शिकवताना आपण मराठीचे अध्यापक एक सोय निमूटपणे करून घेतो. फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ आणि रेव्हरंड टिळकांनी आरंभलेले, लक्ष्मीबाईंनी पुरे केलेले ‘ख्रिस्तायन’ एकाच शीर्षकाखाली, बहुधा एकाच तासात, उरकून टाकतो. जणू एकाच घराण्यातले पणजोबा आणि पणतू. वस्तुतः स्टीफन्स कॅथलिक, त्यातही जेझुइट; टिळक अमेरिकन मराठी मिशनमध्ये आलेले प्रॉटेस्टंट. या दोन परंपरांनी युरोपात एकमेकांचे जीव घेतलेले आहेत. पाठ्यपुस्तकात हा भेद एका विशेषणापुरता उरतो, आणि परीक्षेला तेवढा पुरतोही.

मला मात्र अलीकडे असे वाटू लागले आहे की, हे भांडण नीट पाहिल्याखेरीज मराठीतील ख्रिस्ती लेखन इथवर आले कसे हेच कळत नाही. स्टीफन्सचे उदाहरण घ्या. एलिझाबेथ राणीच्या प्रॉटेस्टंट इंग्लंडात कॅथलिक म्हणून जगणे धोक्याचे झाले होते. त्याचा मित्र थॉमस पाउंड तुरुंगात पडला आणि पुढची सुमारे तीस वर्षे या ना त्या कोठडीत राहिला. स्टीफन्स निसटला, १५७५ मध्ये रोमला जेझुइट झाला आणि १५७९ मध्ये गोव्यात उतरला. ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले. इंग्लंडात कॅथलिकांना निर्धास्तपणे राहता आले असते, तर मराठी भाषेला रत्नाची उपमा देणारा हा इंग्रज आपल्याला लाभला असता का, ही शंका मला सुटत नाही. पोर्तुगीज इन्क्विझिशनच्या छत्राखालीच त्याला लिहिण्याची मोकळीक मिळाली, हेही त्याच्याच शेजारी लिहून ठेवले पाहिजे.

याच भांडणाचा दुसरा धागा आमच्या बारामतीपर्यंत येतो. बारामती म्हटले की साहित्याच्या विद्यार्थ्याला मोरोपंत आठवतात. १९०५ च्या सुमारास इथे आलेले ऑस्ट्रेलियातील ‘चर्चेस ऑफ ख्राइस्ट’चे मिशन आठवत नाही. या पंथाचे मूळ आयर्लंडमध्ये आहे. थॉमस कॅम्पबेल हा तिथला प्रेसबिटेरियन धर्मोपदेशक १७९८ पासून अरमॅ परगण्यातील अहोरी या खेड्यात पाळक होता. त्याच परगण्यात तीन वर्षांपूर्वी, १७९५ मध्ये, कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट टोळ्यांच्या चकमकीनंतर ‘ऑरेंज ऑर्डर’ ही कडवी प्रॉटेस्टंट संघटना जन्मली होती. कॅम्पबेलच्या स्वतःच्या पंथातही शाखा, उपशाखा आणि त्यांचे आपापसांत वितुष्ट. तो १८०७ मध्ये अमेरिकेला गेला. तिथे आपल्या शाखेबाहेरच्या प्रेसबिटेरियनांना त्याने प्रभुभोजन दिले म्हणून त्याच्यावर ठपका आला. तेव्हा १८०९ मध्ये त्याने जाहीरनामाच काढला: मनुष्यकृत मतपत्रिका नकोत, पंथ नकोत, फक्त ख्रिस्त आणि शास्त्र. पुढे पंथ मोडायला निघालेल्या या चळवळीचाच आणखी एक पंथ झाला. (आपल्याकडच्या महानुभावांपासून समाजसुधारकांपर्यंत कोणाचे याहून वेगळे झाले?) त्याचा मुलगा अलेक्झांडर १८३७ मध्ये सिनसिनाटीत कॅथलिक बिशप पर्सेलशी कित्येक दिवस जाहीर वाद घालत होता. ब्रिटनमार्गे ही चळवळ ऑस्ट्रेलियात गेली आणि तिथून नीरा-कऱ्हेच्या काठी आली.

म्हणजे एकजण कॅथलिक म्हणून छळाच्या छायेतून निघाला, दुसरा प्रॉटेस्टंटांच्या आपसातल्या फुटीला विटून. दोघांच्याही मागे तेच युरोप.

इथे आल्यावर रक्त सांडले नाही. उत्तर आयर्लंडमध्ये १९६९ ते १९९८ या काळात सुमारे साडेतीन हजार माणसे मेली. बेलफास्टमध्ये वस्त्यांच्या मधोमध भिंती उभ्या राहिल्या. आमच्याकडे भिंत शब्दांत आहे. माझ्या वर्गात बारामतीची एक मुलगी ‘बाप्तिस्मा’ म्हणते, इंदापूरचा मुलगा ‘स्नानसंस्कार’. तिचे ‘पाळक’, त्याचे ‘धर्मगुरू’; तिची ‘उपासना’, त्याची ‘मिस्सा’. तिच्या बायबलात सहासष्ट पुस्तके, त्याच्या त्र्याहत्तर. तिच्या घरी १८४२ पासून चाललेल्या ‘ज्ञानोदया’चे नाव ठाऊक, त्याच्या घरी १९०३ मध्ये केंदळला फादर डोरिंग यांनी सुरू केलेल्या ‘निरोप्या’चे. ‘क्रिस्तपुराणा’ची १९०७ ची मंगळूर आवृत्तीसुद्धा रोमन लिपीत होती, देवनागरीत ते १९५६ मध्ये शांताराम बंडेलूंनी आणले. तोवर लिपीनेही अंतर राखले होते.

परिचयातल्या एका विवाहात हे सारे शब्द अंगावर आले. मुलगा कॅथलिक, मुलगी बारामतीच्या जुन्या मिशन-घराण्यातली. कॅथलिकांच्या लेखी तिचा बाप्तिस्मा वैध, तो पुन्हा द्यायचे कारण नव्हते. तिची मंडळी मात्र बालपणी शिंपडलेले पाणी मानत नाही. जाणत्या वयात, पाण्यात बुडवून झालेला तोच बाप्तिस्मा. त्या हिशेबाने नवरदेव अद्याप कोरडाच! दुसरीकडे, मुले कॅथलिक वळणाने वाढवण्यासाठी शक्य ते सर्व करीन, असे वचन मुलाला द्यावे लागणार होते. ‘ने तेमेरे’ हा पोपचा विवाहविषयक हुकूम १९०८ मध्ये अमलात आला आणि त्यावरून बेलफास्टमध्ये काहूर माजले. त्यानंतर नियम पुष्कळ सैल झाले, वचन उरले. मुलीचे वडील त्या वचनाशी अडून बसले. चार महिने दोन्ही घरांत बोलणे बंद.

मला अस्वस्थ केले ते वेगळ्याच गोष्टीने. दोन्ही घरांचे पूर्वज गावकुसाबाहेरचे, एकाच जातीचे. एकाच्या पूर्वजांना नगरकडे जेझुइट भेटले, दुसऱ्याच्या पूर्वजांना इथे ऑस्ट्रेलियन, इतकाच फरक. १९५० च्या राष्ट्रपती-आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्या मिळाल्या, ख्रिस्ती बाहेरच राहिले. त्या आदेशाने कॅथलिक-प्रॉटेस्टंट असा भेद केला नाही. गावानेही कधी केला नाही. ज्यांना बाहेरचे जग एकाच नावाने ओळखते, आणि तेही फारशा आदराने नव्हे, ती दोन घरे अरमॅ परगण्यातून आलेली तेढ जिवापाड जपत होती. याला अज्ञान म्हणण्याचा मोह मी टाळतो. जात विसरता येईल असे काहीतरी स्वतःचे, लढून राखण्याजोगे, त्यांना याच पंथांनी दिले होते. टिळकांनीही १९१७ मध्ये मिशन सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोघांसाठी. १९१९ मध्ये ते गेले आणि दरबार विरला. परंतु टिळकांना मागे सोडण्यासारखे कोकणस्थ ब्राह्मणत्व होते. या घरांना काय होते?

लग्न अखेर पुण्याच्या एका कॅथलिक चर्चमध्ये झाले, मिस्सेविना, केवळ विवाहविधी. वचन दिले गेले. मुलीचे वडील पहिल्या बाकावर मान खाली घालून बसले होते. मग सर्वांनी येशूने शिकवलेली प्रार्थना म्हटली. कॅथलिक ती ‘वाइटापासून सोडव’ या मागणीशी थांबवतात, प्रॉटेस्टंट पुढे राज्य, पराक्रम आणि गौरव देवाचे आहे असे म्हणून पुरी करतात. अर्धे चर्च थांबले. उजवीकडच्या बाकांवरून बारामतीकर पुढे म्हणत राहिले, आणि त्यांचे संपेपर्यंत फादर थांबून राहिले.