सुया, सूत आणि सव्वातीन फूट जागा

मुंबईत विणकाम करणाऱ्या बाईला एक प्रश्न हमखास विचारला जातो : ‘‘इथे स्वेटर घालणार कोण?’’ प्रश्न रास्त आहे. परळ-भोईवाड्यात जानेवारीतल्या चार-दोन पहाटा सोडल्या तर स्वेटर काढायची वेळ येत नाही. पावसाळ्यात कपाटातल्या लोकरीलाही दमट वास येतो. तरी गेली बावीस वर्षे माझ्या पिशवीत मुलांच्या वह्या आणि विणकामाच्या सुया एकत्र नांदत आहेत. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. हे विणकाम माझा धंदा नाही, छंद आहे.

अलीकडे दुसरा एक प्रश्न माझा मलाच पडू लागला. या छंदाला घरात जागा कोणती? मोबाइलवर परदेशातल्या बायकांच्या ‘क्राफ्ट रूम’ पाहायला मिळतात. पांढऱ्या भिंती, रंगांप्रमाणे लावलेली लोकर, खिडकीशी आरामखुर्ची! आमचे घर चाळीतले. पोटमाळा धरून सव्वादोनशे चौरस फूट आणि माणसे चार. इथे खोली कुठली मिळायला? मी टेप घेऊन घर मोजले, तेव्हा कपाट आणि खिडकी यांच्यामध्ये सव्वातीन फूट भिंत रिकामी सापडली. तिथे छत्र्या, जुनी रद्दी आणि बंद पडलेला टेबलफॅन होता. म्हणजे जागा होती, पण ती वस्तूंची होती, माणसाची नव्हती.

सुताराकडून दोन फुटांची फळी बिजागरीने भिंतीला बसवून घेतली. काम झाले की ती दुमडते. वर आडवी दांडी लावली, तिला कापडी पिशव्या टांगल्या. एका पिशवीत लोकर, दुसरीत सुती धागा, तिसरीत अर्धवट कामे. लोकरीत कडुलिंबाची वाळवलेली पाने ठेवते. सुया जाडीप्रमाणे लावल्या. आपल्याकडच्या सुयांचे क्रमांक नव्या शिकणाऱ्याला चकवतात, कारण आकडा मोठा तितकी सुई बारीक. 8 नंबरची सुई 4 मिलिमीटर जाड, 10 नंबरची सव्वातीन. खुर्ची जुनीच, प्रकाश खिडकीचा. एवढाच माझा ‘हस्तकला-कक्ष’.

क्रोशाच्या सुया मात्र एका खास वस्तूत राहतात. माझे सासरे गिरणीच्या साचेखात्यात होते. त्यांच्याजवळ लाकडी धोटा होता, दोन्ही टोकांना लोखंडी, मधे कांडी बसवायची खोबण. 18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि इतर हजारोंप्रमाणे तेही पुन्हा कामावर गेले नाहीत. धोटा घरात राहिला. सासूबाई सांगत की सासरे गिरणीतून आले की केसांत, भुवयांत कापसाचे तंतू असत. ज्या वस्तीचे पोट शंभराहून अधिक वर्षे सुतावर भरले, तिथे सुताला एक कोपरा मिळाला, तर त्यात नवल ते काय?

या कोपऱ्यात सध्या तीन कामे सुरू आहेत.

पहिले, शेजारच्या मुलीच्या होणाऱ्या बाळासाठी स्वेटर. 10 नंबरच्या सुया, दोन रंग, छातीवर शंकरपाळ्यांची नक्षी. दुसरे, उरल्यासुरल्या लोकरीची क्रोशाची चादर. सहा इंचांचे चौकोन. आठाच्या अकरा ओळी, म्हणजे 88. त्यांतले 53 झाले. क्रोशा मला अम्मीने शिकवला. रमजानच्या आधी ती घरातल्या सगळ्या पुरुषांसाठी जाळीच्या टोप्या विणायची. साखळी आणि खांब हे दोन शब्द मला पाढ्यांच्या आधी पाठ होते. तिसऱ्या कामाबद्दल थोडे पुढे सांगते.

स्वेटरची नक्षी चौकटीच्या कागदावर काढलेली असते. एक चौकट म्हणजे एक टाका. ही नक्षी वाचायची रीत मला फार आवडते. सुलट बाजूची ओळ उजवीकडून डावीकडे वाचायची, उलट बाजूची डावीकडून उजवीकडे. म्हणजे जाताना उर्दू, येताना मराठी! वर्गात ज्या मुलांना दोन लिप्यांच्या दोन दिशांचा गोंधळ होतो, त्यांना मी हा कागद दाखवते. एकाच कापडात दोन्ही दिशा लागतात, एक सोडली तर नक्षी उमटत नाही, हे त्यांना लगेच पटते.

या उजव्या दिशेवरून आठवले. दोन सुयांचे विणकाम म्हणजे इंग्रजांनी आणि मिशनरी शाळांनी आणलेली कला, असे आपण समजतो. आपल्या गावांत ती बहुतेक त्याच वाटेने आली. पण तिचे जगात सापडलेले सर्वांत जुने नमुने इस्लामी काळातल्या इजिप्तमधले आहेत. सुमारे अकराव्या ते चौदाव्या शतकांतले ते मोजे निळ्या-पांढऱ्या सुताचे आहेत, लोकरीचे नव्हेत! काहींवर अरबी अक्षरांची नक्षी आहे. स्पेनमधल्या बुर्गोस शहराच्या एका मठात फर्नांदो नावाच्या राजपुत्राचे थडगे आहे. त्याचे निधन 1275 सालचे. त्यात रेशमी विणीची उशी सापडली, तिच्या कडेने कूफी लिपीत ‘बरकत’ हा शब्द विणलेला आहे. ख्रिस्ती राजपुत्राच्या डोक्याखाली अरबी दुआ! ती विणणारे हात मुस्लिम कारागिरांचे असावेत, असे अभ्यासक मानतात. त्या हातांचे नाव कुठे नोंदलेले नाही. विणकामात बहुधा असेच होते. वस्तू राहते, हात विसरले जातात.

आता तिसरे काम. ऑगस्टमध्ये माझ्या थोरल्या नणंदबाई म्हसळ्याहून उपचारासाठी आमच्याकडे आल्या. स्तनाचा कर्करोग. टाटा मेमोरियल रुग्णालय 1941 पासून परळमध्ये आहे, आमच्या घरापासून पायी दहा मिनिटांवर. भोईवाड्यातल्या कितीतरी घरांना याचा अर्थ ठाऊक आहे. गावाकडचे कोणी आजारी पडले की आपले घर हीच त्यांची धर्मशाळा. दर एकवीस दिवसांनी केमो. त्यांना रात्री वारा लागतो, म्हणून खाट खिडकीशी हवी. खिडकीशी माझा कोपरा.

फळी काढून टाकावी, असे घरात ठरत आले होते. कोणाचे काही चुकले नव्हते. आजारी माणसापुढे छंदाचा काय पाड? मीही गप्प होते. आपाच खाटेवरून म्हणाल्या, ‘‘फळी राहू द्या. दिवसभर मी छताकडे बघत बसू काय? भाभी विणताना दिसली म्हणजे घर चालू आहे असं वाटतं.’’ मग कपाट अर्धा फूट सरकवले, खुर्ची खाटेच्या पायथ्याशी आली आणि फळी त्यांच्या उशाशी राहिली. आता तिच्या एका टोकाला औषधांचा डबा आणि थर्मामीटर असतो, दुसऱ्या टोकाला सुताचे गुंडे.

सतराव्या दिवशी त्यांचे केस गळू लागले. आपा खंबीर बाई, त्याबद्दल रडल्या नाहीत. पण दोन दिवसांनी हळूच म्हणाल्या, ‘‘दुपट्टा थांबतच नाही गं डोक्यावर. सजद्यात गेलं की घसरतो.’’ हे माझ्या कधी ध्यानातच आले नव्हते. दुपट्टा केसांच्या आधाराने टिकतो, उघड्या टाळूवर तो सुळकन सरकतो. बाजारातून आणलेली टोपी त्यांना शिवणीपाशी टोचत होती. लोकरीची तर लावूनही घेववेना, त्या दिवसांत टाळू फार हळवी होते. म्हणून मी सुती धागा घेतला आणि टोपी शिवणीशिवाय, गोल विणायला घेतली. गोल विणताना कामाची सुलट बाजूच सतत समोर असते, त्यामुळे सगळ्या ओळी उर्दूच्याच दिशेने.

कोणा भगिनीला घरच्या रुग्णासाठी अशी टोपी करायची असेल, म्हणून कृती देते. मऊ सुती धागा, 8 नंबरच्या दोन्ही टोकांना निमुळत्या चार सुया, किंवा गोल सुई. इंचाला पाच टाके बसतात का, ते आधी छोटा तुकडा विणून पाहावे. 96 टाके घालावेत. केस नसल्याने डोक्याचा घेर थोडा कमी भरतो, आणि सूत लोकरीसारखे आवळून धरत नाही, म्हणून जास्त टाके घालू नयेत. दोन सुलट, दोन उलट असा दीड इंच पट्टा. पुढे साडेचार इंच साधी सुलट वीण. कान आणि मानेची मागची बाजू झाकली गेली पाहिजे. मग एक ओळ सोडून एक, दर फेरीत समान अंतरावर आठ टाके कमी करत जावे. शेवटी आठ टाके उरले की त्यांतून धागा ओवून आवळावा. धाग्याची टोके बाहेरच्या बाजूने जिरवावीत, आत गाठ नको. देण्याआधी सौम्य साबणाने धुवून उन्हात कडकडीत वाळवावी. रुग्णालयात वाटण्यासाठी करणार असाल, तर तिथल्या परिचारिकेला आधी विचारावे. नुसत्या मनाने नेलेली वस्तू तिथे अडचणही होऊ शकते.

एका टोपीला मला सात-आठ तास लागतात. शाळेतल्या एक बाई म्हणाल्या, विक. पण आठ तासांच्या मजुरीचा हिशेब लावला, तर ती टोपी घेणार कोण? आणि स्वस्तात विकली, तर ज्या बायकांचे पोट शिवण-विणीवर आहे त्यांच्या मजुरीलाच मी खाली ओढणार. म्हणून मी विकत नाही, देते. हजरत जैनब बिन्त जहश (रजि.) कातडे कमावत, शिवत आणि त्यातून येणारे दान करत. हदीसमध्ये ज्यांचा हात सर्वांत लांब म्हटला गेला, त्या याच. लांब हात म्हणजे देणारा हात, हे उम्मुल मोमिनीनना त्यांच्या निधनानंतर उमगले. मला त्यात आणखी एक गोष्ट जाणवते : तो देणारा हात आधी कामाचा हात होता.

पण एवढ्यावरच छंदाचे समर्थन करावे, असेही मला वाटत नाही. आपल्या घरांत बाईने काही केले की लगेच ‘कोणासाठी?’ हा प्रश्न येतो. बाळासाठी, आजाऱ्यासाठी म्हटले की फळीला परवानगी मिळते. त्या उरल्यासुरल्या लोकरीच्या चादरीचा मात्र कोणालाच उपयोग नाही. ती मी असरनंतर पाऊण तास, मला बरे वाटते म्हणून विणते. त्या पाऊण तासात टाके मोजताना डोक्यातला गलका बसतो, आणि मगरिबला मी उठते तेव्हा कोणावर ओरडावेसे वाटत नाही. हाही उपयोगच आहे, फक्त तो पिशवीत भरून कोणाला देता येत नाही. घरातल्या कर्त्या पुरुषांना माझी एवढीच विनंती : घर एकदा टेपने मोजून पाहा. बंद पंख्याला जेवढी जागा मिळते तेवढी तुमच्या घरातल्या बाईच्या आवडीच्या कामाला मिळते का?

आपांच्या बोटांना औषधाने मुंग्या येतात, त्यामुळे सुया धरवत नाहीत. पण सुताची लड दोन्ही गुडघ्यांवर अडकवून त्या गुंडा करतात, तोही हळूहळू, दमत-थांबत. त्यांचे गुंडे माझ्यापेक्षा गोल होतात. वॉर्डात शेजारी बसणाऱ्या एका विदर्भातल्या बाईंना त्यांनी परस्पर टोपी कबूल करून टाकली, मापही घेऊन आल्या, सुतळीच्या तुकड्याला गाठ मारून. पाच टोप्या झाल्या आहेत, सहावीचे टाके कमी करणे चालू आहे. अजून तीन केमो बाकी आहेत, पुढचे डॉक्टर तपासण्यांनंतर सांगतील. अल्लाह शिफा देवो.

मी आतापर्यंत सगळ्या टोप्या फिक्या रंगांत केल्या, पांढऱ्या, बदामी. परवा आपांनी पिशवीत हात घालून गडद हिरवा धागा काढला आणि फळीवर औषधांच्या डब्याशेजारी ठेवला. ‘‘हा माझा,’’ म्हणाल्या. ‘‘आजारी दिसायला आरसा पुरे आहे. टोपी ईदची कर.’’