केंदूरहून केडगावास

शिरूर तालुक्यातील केंदूर येथे संत कान्होराज पाठकांच्या समाधीचे दर्शन घेऊन आम्ही दक्षिणेची वाट धरली. न्हावरे मागे टाकून भीमा ओलांडली की दौंड तालुका लागतो, पुढे केडगाव. तेथे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. सकाळी संताची समाधी आणि दुपारी ख्रिस्ती आश्रम, हा क्रम कित्येकांस रुचणार नाही. न रुचो.

आमच्या जुन्या घरांतून आठ-दहा वर्षांच्या मुलीच्या माथी नवरा मेल्याचा दोष येई. त्याचा चेहराही तिला आठवत नसे. 'पांढऱ्या पायाची' हे नाव मात्र जन्माचे चिकटे. मंगलकार्यात तिने पुढे यावयाचे नाही, कोणाच्या वाटेत आडवे जावयाचे नाही. अशांसाठी रमाबाईंनी १८८९ साली मुंबईस शारदासदन काढले.

त्यापूर्वी इंग्लंडात त्यांनी एक आश्रम पाहिला होता. समाजाने टाकलेल्या स्त्रियांची तेथील ख्रिस्ती भगिनी मायेने सेवा करीत. ही माया येते कोठून, असे विचारता त्यांस शोमरोनी स्त्रीची कथा दाखविण्यात आली. पाच नवरे झालेली ती बाई भर दुपारी विहिरीवर येते. तिच्या जातीशी यहुद्यांचा व्यवहार नाही, तरी येशू तिच्याजवळ प्यावयास पाणी मागतो! सोवळ्याच्या घरांत वाढलेल्यांस यातील मर्म फोडून सांगावयास नको. रमाबाईंनी १८८३ साली बाप्तिस्मा घेतला.

पुढे सदनातील मुली ख्रिस्ती प्रार्थनेकडे ओढल्या जाऊ लागल्या, तेव्हा १८९३ साली रानडे-भांडारकरांनी अंग काढून घेतले व पालकांनी मुली नेल्या. विश्वासाने सोपविलेल्या लेकींविषयी तो राग आम्हांस समजतो. पण त्या प्रार्थनेत 'तू अपशकुनी नाहीस' हे त्या पोरींस प्रथमच कोणी सांगत होते. घरी तेवढे कोणी का सांगितले नाही?

१८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातून शेकडो अनाथ मुली व विधवा केडगावास आल्या. पतित ठरविलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन निघाले. विणकाम, शेती, छापखाना, सारे बायकांच्याच हाती. रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून, अल्पशिक्षित बायकांस कळेल अशा साध्या मराठीत सबंध बायबल उतरविले. १९२२ साली त्या वारल्या तोवर ते काम चालू होते. त्याचे खिळे मुक्तीच्याच छापखान्यात बायकांनी जुळविले. विहिरीवरच्या त्या बाईची गोष्टही त्यांच्याच हातांनी छापली गेली.