ओसरलेल्या पाण्याच्या काठी

वैशाख लागला की इंदूरच्या मराठी घरांतून दोन गोष्टी ठरलेल्या असतात. एक, लोणच्याच्या कैऱ्यांची खरेदी. आणि दुसरी, मुलांना घेऊन पुण्या-मुंबईकडच्या आप्तांकडे जाण्याची तयारी. जी मंडळी मागे राहतात ती माळव्यातल्या रात्रीच्या गारव्याची वाट पाहत दिवस काढतात. अशा दिवसांत कोणी ‘पक्षी पाहायला चला’ म्हटले तर ऐकणारा हसतो. पक्षी पाहायचे ते थंडीत, हे आपण सर्वांनी गृहीतच धरलेले आहे. उन्हाळ्यातल्या अनेक सकाळी सिरपूर तलावाच्या बांधावर काढल्यानंतर मात्र हे गृहीत अर्धेच खरे आहे, असे आमचे मत झाले आहे. आणि ज्या अर्ध्याकडे आपले दुर्लक्ष होते, त्यावरच या तलावाचे पुष्कळसे भवितव्य अवलंबून आहे.

सिरपूर तलाव शहराच्या पश्चिमेस, धार रस्त्यावर आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी होळकरांच्या राजवटीत तो बांधला गेला. तलाव मोठा असला तरी उथळ. भर पावसाळ्यातही पाण्याची खोली सुमारे दोन मीटरच्या पुढे जात नाही. पक्ष्यांच्या सुमारे १३० जातींची येथे नोंद झालेली आहे. मध्यंतरी या तलावाची अवस्था बिकट झाली होती. छायाचित्रकार भालू मोंढे, ज्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तलाव वाचविण्यासाठी वर्षानुवर्षे खटपट केली. १९७१ साली इराणातील रामसर गावी पाणथळ जागांच्या रक्षणासाठी आंतरराष्ट्रीय करार झाला. त्या कराराच्या यादीत सिरपूरचे नाव २०२२ साली आले. पुढे २०२५ साली पाणथळ जागा जपणारे शहर म्हणून त्याच कराराखाली मान्यता मिळालेल्या भारतातील पहिल्या दोन शहरांत उदयपूरबरोबर इंदूरचीही गणना झाली. आपल्या गावाला हा मान मिळाला याचा आनंद आहेच. पण मान मिळाला की जबाबदारीही येते.

हिवाळ्यात येथे जी गर्दी असते ती बव्हंशी पाहुण्यांची. मध्य आशिया, सैबेरिया अशा दूरदेशांतून आलेली बदके चार महिने राहतात आणि फाल्गुन-चैत्रात विणीसाठी मायदेशी परततात. त्यांचे घर तिकडे. इकडे ती केवळ हवापालटाला आलेली असतात. मग पाणी ओसरू लागते, कडेची जमीन उघडी पडते, चिखलाला भेगा जातात आणि वरवर पाहणाऱ्याला तलाव उजाड वाटू लागतो. नेमक्या याच वेळी येथल्या रहिवाशांचा संसार सुरू होतो.

टिटवीचेच पाहा. घरटे म्हणावे असे ती काही बांधतच नाही. उघड्या जमिनीवर एखादा उथळ खळगा, त्याभोवती चार खडे, आणि त्यात बहुधा चार ठिपकेदार अंडी. मातीच्या रंगात ती अशी मिसळतात की दोन हातांवरूनही दिसू नयेत. वैशाखातल्या उन्हात अंडी उबविण्यापेक्षा ती थंड राखणे हेच आईबापांचे खरे काम असते. म्हणून टिटवी पाण्याकाठी जाते, पोटाची पिसे भिजवून घेते आणि तशीच ओली येऊन अंड्यांवर बसते. सुमारे चार आठवडे हा क्रम चालतो. पिले अंड्यातून बाहेर पडताच थोड्या वेळात चालू लागतात आणि आईबापांनी इशारा दिला की जागच्या जागी दगडासारखी निश्चल होतात. आपण कडेने चालत असता टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडू लागली, तर ती आपल्याला परत फिरायला सांगत आहे असे समजावे.

थोड्या अंतरावर मातीच्या उभ्या दरडीत वेडा राघू बीळ खोदतो. एवढासा हिरवा पक्षी, पण चोचीने आणि पायांनी काही फूट लांबीचा बोगदा तयार करतो आणि आतल्या टोकाशी अंडी घालतो. तो तारेवर बसलेला असताना नीट पाहावे. हवेतल्या हवेत मधमाशी पकडायची, परत जागेवर यायचे आणि ती आपटून तिची नांगी निकामी केल्यावरच गिळायची, असा त्याचा शिरस्ता. याला ‘वेडा’ कोणी म्हटले, कोण जाणे!

ज्येष्ठाच्या सुमारास बाभळींवर सुगरणी गोळा होतात. बहिणाबाईंच्या कवितेमुळे सुगरणीचा खोपा आपल्या घराघरांत पोचलेला आहे. परंतु खोपा विणणारा असतो तो नर, हे पुष्कळांना ठाऊक नसते. सलीम अली यांनी १९३० साली अलिबागजवळच्या किहीम येथे या पक्ष्यांचे बारकाईने निरीक्षण केले. त्यांना आढळले ते असे: नर अर्धा खोपा विणून ठेवतो, मादी येऊन तो पारखते, आणि पसंत पडला तरच संसार मांडते. मग नर उरलेला खोपा पुरा करतो आणि दुसऱ्या खोप्याच्या, दुसऱ्या मादीच्या मागे लागतो!

मुलांना पक्ष्यांपेक्षा कीटक अधिक आवडतात, असा आमचा अनुभव आहे. कारण ते पळून जात नाहीत आणि दुर्बिणीशिवाय दिसतात. पाण्यालगतच्या गवताच्या काड्यांवर चतुराच्या रिकाम्या काती चिकटलेल्या असतात. चतुराचे बालपण पाण्याखाली जाते. तेथे तो डासांच्या अळ्या खातो. वाढ पुरी झाली की काडीवर चढतो, पाठीवर कात उकलते आणि पंख असलेला कीटक बाहेर येतो. भर उन्हात काही चतुर शेपटी सरळ सूर्याकडे उभारून बसलेले दिसतात. मुलांना ती गंमत वाटते. पण त्यामुळे अंगाचा कमीत कमी भाग उन्हात येतो, हे त्यामागचे इंगित आहे.

बांधावरच्या रुईच्या झुडपाशी पाच मिनिटे थांबावे. मोठा काळा भुंगा तिच्या फुलांवर घोंगावत येतो आणि परागीभवनाचे काम करून जातो. रुईच्या विषारी पानांवर वाढणारी एक केशरी फुलपाखराची जात आहे. अळीने खाल्लेले विष अंगात मुरते, म्हणून ते फुलपाखरू पक्ष्यांना रुचत नाही. झाडाखालच्या बारीक धुळीत गाळणीच्या आकाराचे खळगे दिसतात. प्रत्येकाच्या तळाशी एक अळी दबा धरून असते. मुंगी घसरली की संपली. हीच अळी पुढे चतुरासारखा नाजूक पंखांचा कीटक होते.

हे सारे कोठे चालते, याचा विचार केला म्हणजे आमचे म्हणणे ध्यानात येईल. ते चालते ओसरलेल्या पाण्याच्या कडेला, जिला आपण ‘रिकामी जमीन’ म्हणतो. तेथे कोणी दुचाकी नेतो, कोणी कुत्री मोकळी सोडतो, कोणी भर टाकतो, कोणी वाळले गवत पेटवितो. प्रत्येकाला वाटते, येथे काय आहे? ज्या तलावाचे पाणी वाढते आणि ओसरते त्याचा काठ ही एक रेघ नसून पट्टा असतो. तो सहा महिने पाण्याचा आणि सहा महिने टिटवीचा. पाणी भरलेले असताना तलाव जपला आणि कोरड्या दिवसांत पट्टा गमावला, तर पुढच्या पावसाळ्यात पाण्याने पसरायचे तरी कोठे?

म्हणून जे जातील त्यांना एवढीच विनंती. सकाळी सहाच्या सुमारास पोचावे आणि साडेआठपर्यंत परतावे. पुढे ऊन आपल्यालाही सोसत नाही आणि पक्ष्यांनाही. टोपी, पाणी, मळकट रंगाचे कपडे आणि एक वही एवढे पुरे. चालावे ते बांधावरून. कोरड्या पट्ट्यात उतरू नये. छायाचित्रासाठी घरट्याजवळ जाऊ नये. टिटवी अंड्यांवरून उठली की उन्हाला काही मिनिटेही पुरतात. बाळंतिणीच्या खोलीशी आपण जसे हलक्या पावलांनी जातो, तसे येथेही जावे. वहीत तारीख, वेळ आणि जे दिसले ते लिहावे. एकाच घरची पाच-सात उन्हाळ्यांची वही ही पुढे तलावाच्या कामी येणारी गोष्ट आहे.

मृग लागला आणि पहिली सर पडून गेली की त्याच भेगाळलेल्या मातीतून मखमली लाल मृगाचे किडे बाहेर येतात. आमचे हिंदी शेजारी त्यांना बीरबहूटी म्हणतात. आठ पायांमुळे शास्त्राच्या दृष्टीने ते कीटक नसून कोळ्यांचे नातलग ठरतात. मुलांना मोजायला सांगावे. ते दिसू लागले की पाणी कडेकडे परत निघाले असे समजावे. तोवर तेथे ज्यांची पिले वाढायची असतात त्यांना तेवढे दिवस निवांत मिळावेत, इतकेच आपल्या हाती आहे.