अंधारी आणि मिठाची पोती

दौलताबादच्या किल्ल्यात माणसे दमतात चढावर, पण घरी जाऊन सांगतात ते अंधारीबद्दल. कातळात कोरलेले वळणावळणाचे भुयार, वटवाघळांचा उग्र दर्प, आणि मशाल धरून चालणाऱ्या वाटाड्याच्या तोंडची वर्णने: शत्रू इथे शिरला की काळोखात आपल्याच माणसांवर तलवार चालवायचा, कुठे उजेड दिसला म्हणून धावला तर खंदकात कोसळायचा, आणि उरलेल्यांसाठी वरच्या तोंडाशी शेगडी पेटवून भुयार धुराने कोंडायचे. ऐकणाऱ्यांच्या अंगावर शहारा येतो आणि ते ‘पुढे?’ म्हणतात. खरे तर या किल्ल्याला नमवले भुकेने. 1296 मध्ये अलाउद्दीन खलजीचा वेढा पडला, तेव्हा धान्याची म्हणून वर नेलेली पोती मिठाची निघाली, असे इतिहासकार फिरिश्ता लिहितो. 1633 मध्ये मोगलांनी सुरुंगांनी तट उडवले, तेव्हाही आतली शिबंदी अन्नावाचून टेकीला आली होती. मिठाची पोती सोडणाऱ्या माणसाच्या पोटात जो गोळा आला असेल, त्यापुढे अंधारी काहीच नाही. तरी पोत्यांसाठी कुणी तिकीट काढत नाही.

याचे कारण मला असे दिसते, की उपासमारीला काही नियम नसतात. ती कुठून सुरू झाली, कुठे संपेल, काय केले तर टळेल, कशाचाच पत्ता नसतो. आपल्याला आवडते ती कायदा पाळणारी भीती. नारायण धारपांच्या कथेवरून सुचलेल्या ‘तुंबाड’ चित्रपटातला हस्तर हा राक्षस कितीही भयंकर असो, पिठाचे रिंगण त्याला ओलांडता येत नाही. यावर कुणी म्हणेल, हा नुसता सुटकेचा आनंद. शेवटी जीव वाचला, एवढेच. पण 2018 चा हा चित्रपट 2024 मध्ये पुन्हा लागला आणि पहिल्यापेक्षा जास्त चालला. विहिरीत काय आहे, शेवट काय होतो, हे त्यातल्या कितीतरी प्रेक्षकांना तोंडपाठ होते. म्हणजे ते रिंगणाच्या आत बसायलाच आले होते.

अशा भीतीला शास्त्रातही जागा आहे: भरताने नाट्यशास्त्रात भयानकाला रसांत बसवले आणि त्याचा रंग काळा सांगितला. त्याचा टीकाकार अभिनवगुप्त याने शाकुंतलातल्या पळणाऱ्या हरणाचे उदाहरण घेतले: प्रेक्षकाला जाणवते ती भीती ना त्या हरणाची असते, ना त्याची स्वतःची. तिचा मालकच नाहीसा झालेला असतो. एक आक्षेप मात्र सहजी झटकता येत नाही. दुसऱ्याच्या यातनांवर हा रस पोसायचा? चौदाव्या शतकातला प्रवासी इब्न बतूता याला मलिक खत्ताब नावाच्या अफगाण सरदाराने दौलताबादेतल्या आपल्या कैदेची हकीकत सांगितली. इथल्या अंधारकोठडीत मांजरापेक्षा मोठे उंदीर रात्री त्याच्यावर चालून येत आणि तो त्यांच्याशी झुंजत राही. शेजारच्या कैद्याची बोटे आणि डोळे उंदरांनी खाल्ले, तो मेला, हे सुलतानाच्या कानी गेले, म्हणून खत्ताब सुटला. इतकी चांगली भयकथा त्या शतकात दुसरी सापडणे कठीण, आणि तिची गोडी ती सांगणारा समोर धडधाकट बसला आहे यातच आहे. शेजारच्या कोठडीतून तीच गोष्ट सांगायला कुणी उरले नव्हते.