गोष्टीची बिदागी

मिरजेहून पाहुणे आले होते, आमच्या भाच्याला बघायला. चहा झाला, शिरखुर्मा झाला आणि मुलीच्या वडिलांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "मुलगा काय करतो?" आम्ही नवराबायकोने एकमेकांकडे पाहिले आणि म्हणालो, "कॉम्प्युटरचे काम करतो." भाचा आतल्या खोलीत होता. पडद्याआडून त्याने ऐकले. पाहुणे गेल्यावर तो एवढेच म्हणाला, "मामू, मी काय चोरी करतो का?"

त्या रात्री आम्हा दोघांना झोप लागली नाही. चाळीस वर्षे शाळेत मुलांना खरे बोलायला शिकवले आणि घरच्या मुलाच्या कामाची आम्हालाच लाज वाटली.

भाचा पैसे घेऊन लोकांना खेळ खेळवतो. खेळाचे नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. अमेरिकेतल्या गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली बाजारात आला. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. प्रत्येक जण एक सोंग घेतो. कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर. एक जण गोष्ट सांगतो, त्याला डंजन मास्टर म्हणतात. "समोर बंद दरवाजा आहे, आतून कण्हण्याचा आवाज येतो आहे, काय करता?" असे तो विचारतो. खेळणारा उत्तर देतो आणि ते जमले की फसले हे वीस बाजूंचा फासा सांगतो. एक गोष्ट महिनोन्महिने चालते. शेवटी कोणी कोणाला हरवत नाही.

इतकी वर्षे हे सारे मित्रामित्रांत फुकट चालायचे. कोणी वडे आणायचा, कोणी चहा. पैसे घेऊन खेळवणारे आधीही होते, पण २०२० मध्ये कोरोनाने माणसे घरात कोंडली, टेबल पडद्यावर आले आणि अनोळखी माणसाला पैसे देऊन गोष्ट ऐकणारे वाढले. भाच्याची नोकरी गेली तेव्हा त्याने हा मार्ग धरला. त्याला माणशी १५ डॉलर मिळतात. त्यातून मध्यस्थ आपला हिस्सा कापून घेतो.

अमेरिकेत रात्र असते तेव्हा आपल्याकडे पहाट. फजरची नमाज झाली की तो संगणकापुढे बसतो. एकदा आम्हीही मागे खुर्च्या टाकून बसलो. इंग्रजी सगळे कळले नाही, पण पोरगा कधी म्हातारी होत होता, कधी राक्षस, कधी रडणारे लेकरू. तीन तासांनी उठला तेव्हा घसा बसला होता. या तीन तासांसाठी आदले दोन दिवस तो नकाशे काढत होता, गावांना नावे देत होता. पाच जणांपैकी कोण मागे पडतो, कोण गप्प बसतो, यावर त्याची नजर असते. एक गृहस्थ फारसे बोलत नाहीत, पण एकही दिवस चुकवत नाहीत. भाचा म्हणाला, "त्यांची बायको वारली आहे. ते गोष्टीसाठी येतात की बोलायला कोणी हवे म्हणून, हे मी विचारत नाही."

आमच्या साडूभाईंनी मात्र स्पष्ट सांगितले, "फासे आले म्हणजे जुगार आला." जुगारात एकाचे पैसे दुसरा जिंकतो, इथे तसे काही होत नाही, हे आम्ही त्यांना सांगितले. तरी फाशांचा खेळ पैसे न लावताही अनेक आलिम नापसंत करतात, हे आम्हाला ठाऊक आहे, त्यामुळे त्यांची शंका आम्ही हसण्यावारी नेली नाही. भाच्याने ऐकून घेतले. तो आता पडद्यावर फासे न टाकता संगणकाकडून आकडा काढतो. साडूभाईंचे समाधान झाले नाही. गंमत अशी की १९८० च्या दशकात अमेरिकेतही कित्येक धर्मनिष्ठ आईबाप याच खेळाला सैतानाची पूजा म्हणत होते. चिंता करणारी वडीलधारी माणसे सगळीकडे सारखीच.

आम्हाला खरे बोचत होते ते दुसरेच. गोष्टीचे पैसे घ्यायचे? पण आपल्याकडे ते कधी घेतले नाहीत? कव्वालाला आपण पैसे देतो. रमजानमध्ये तरावीह पढवणाऱ्या हाफिजसाहेबांच्या हातात लिफाफा ठेवतो आणि त्याला मजुरी न म्हणता हदिया म्हणतो. गावच्या गोंधळ्याला, शाहिराला बिदागी असतेच. अमीर हम्जाची दास्तान सांगणारे तर त्यावरच जगत. अमर अय्यारची झंबील, जिच्यात सारी दुनिया मावते, तशीच एक पिशवी भाच्याच्या खेळातही आहे. दिल्लीचे मीर बाकर अली हे त्या जुन्या परंपरेतले अखेरचे नामवंत दास्तानगो. ते १९२८ साली वारले. उतारवयात त्यांना सुपारी विकून पोट भरावे लागले. देणारे उरले नव्हते. त्यांची कला आपण आज आदराने आठवतो, पण ते हयात असताना त्यांनी पैसे मागितले असते तर आपणही तोंड फिरवले असते की काय?

पैशाने काही बिघडतही असेल. भाच्याने कॉलेजच्या मित्रांकडूनही शंभर रुपये घ्यायचे ठरवले, तेव्हा एक मित्र यायचा बंद झाला. "दोस्तीत हिशेब आला," असे तो म्हणाला म्हणे. भाचा आठवडाभर उदास होता. मग त्याच्या घरी जाऊन त्याला परत घेऊन आला. आता रविवारचे टेबल फुकट आहे. त्या दिवशी निम्मे लोक उशिरा येतात, एखादा येतच नाही. पैसे देणारे मात्र वेळेच्या आधी हजर. पण पैसे देणारा कधी कधी म्हणतो, माझा योद्धा मरता कामा नये. रविवारी तसे कोणी म्हणत नाही. दोन्हीकडचे नफेनुकसान भाच्याला आमच्यापेक्षा चांगले कळते.

गेल्या महिन्यात कराडहून दुसरे स्थळ आले. पुन्हा चहा, पुन्हा तोच प्रश्न. या वेळी आम्ही पडद्याकडे पाहून मोठ्याने म्हणालो, "गोष्टी सांगतो. त्याचे पैसे घेतो. हलालचे आहेत असे आम्ही मानतो." मुलीचे वडील जरा थांबले. मग म्हणाले, "आमचे आजोबाही मोहल्ल्यात किस्से सांगायचे. फुकट सांगायचे. घरात मात्र फाके पडायचे."

त्यांचा निरोप अजून आलेला नाही. भाचा मात्र त्या दिवसापासून पहाटे दार लावून घेत नाही.